जाळीतली पोरं

१

ससे पाळायची हौस आमच्या घराण्यात कुणालाच नव्हती. गावाकडे ससा म्हणजे शिकार आणि त्यानंतरचा रस्सा, एवढाच आमचा त्या प्राण्याशी संबंध. पण पंचावन्न सालच्या डिसेंबरात आमच्या गिरणीतल्या विणाई खात्याच्या पारशी साहेबांचा मुलगा शिकायला विलायतेला गेला आणि त्याचे पाच ससे मागे उरले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुला लहान मुलगी आहे ना? मी हो म्हणालो. मी गिरणीत टाइमकीपर होतो. चारशे माणसांवर डाफरून हजेरी घेणारा माणूस साहेबापुढे 'हो'शिवाय दुसरं काही बोलत नाही. संध्याकाळी लालबागला घरी पोचलो तो हातात करंडी आणि करंडीत पाच ससे. दोन करडे, दोन पांढरे आणि एक काळ्या ठिपक्यांचा.

माझी मुलगी बकुळा तेव्हा सात वर्षांची होती. एकुलती एक. माझ्या बायकोला, कौसल्येला, दमा, त्यामुळे पुढे मूल नको असं डॉक्टरांनी बजावलेलं. दोघांचा सगळा जीव त्या एकीत. ससे पाहून ती जी हरखली, ते बघून मलाही वाटलं, राहू देत.

तीन दिवसांत डोळे उघडले. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच ससे आणि त्यांच्या मुताचा वास. तिसऱ्या रात्री कौसल्या भिंतीला टेकून रात्रभर धापा टाकत बसली आणि सकाळी म्हणाली, एक तर ते बाहेर जातील नाहीतर मी.

आमची खोली तळमजल्यावरची, अगदी शेवटची. तिला मागचं दार होतं. दार उघडलं की दहा फूट रुंद मातीची पट्टी आणि पलीकडे गिरणीची उंच काळी भिंत. ससे दिवसा तिथे बागडायला काहीच हरकत नव्हती. पण रात्री तिथे घुशींचं राज्य. मांजरंसुद्धा त्यांना वचकून असत.

शेजारच्या खोलीतल्या लवूनानांनी ते मनावर घेतलं. म्हातारा मालवणकडचा, जन्म मागावर गेलेला, आता एकटाच राहायचा. त्याचं म्हणणं, घूस वरून येत नाही, खालून येते. मग आम्ही दोघांनी रविवारभर खपून जाळीचा मोठा पिंजरा केला. कमरेएवढा उंच, सहा हात लांब. जाळी हातभर जमिनीत पुरली, बाहेरून दगड आणि फुटक्या काचा ठासल्या, वर फळ्या टाकून गोणपाट बांधलं, आत एका कडेला गवताचं खोकं ठेवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. मी चारही बाजूंनी हलवून पाहिलं. कामात खोट काढायची माझी सवय आहे, पण त्या पिंजऱ्यात मला खोट सापडली नाही.

२

दिवेलागणीला ससे आत सोडले. बकुळा त्यांच्याबरोबर आत शिरून गवत सारखं करत होती. मी म्हणालो, चला, झालं. नाना म्हणाले, असं कसं झालं, रात्रभर उघड्यावर ठेवायचे तर कुणाला तरी सांगायला हवं. त्यांनी टोपी काढून बगलेत धरली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जाळयेत जी काय पोरां आसत, ती तुझ्या पदरात घातलंय. सकाळी एक कमी दिसता नये, आणि एक जास्त दिसता नये."

गाऱ्हाणं घालणारा थांबला की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्या कोकणातली रीत. जमलेला मी एकटाच. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, पण लहानपणापासून कानात बसलेला सूर, तोंडातून आपसूक निघालं. शिवाय जरा थट्टेनं, हजेरीच्या टेबलावरच्या खणखणीत आवाजात म्हणालो, "व्हय म्हाराजा."

तेव्हा बकुळा जाळीत होती. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे बरेच दिवस मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. नानांचं झाल्यावर ती हसत बाहेर आली, मी कडी लावली आणि आम्ही जेवायला बसलो.

३

ससा भ्यायला की मागचा पाय जमिनीवर आपटतो. साहेबांच्या माळ्यानं मला ते सांगून ठेवलं होतं. त्या रात्री दिवा मालवला आणि थोड्या वेळानं आपटणं सुरू झालं. एकानं सुरू केलं, मग पाचही. मी उठायच्या विचारात होतो, तेवढ्यात ते थांबलं. पाचांचंही एकाच क्षणी थांबलं.

मग दुसरा आवाज येऊ लागला. थप, थप, थप. मऊ आवाज. जरा खंड, आणि पुन्हा थप, थप, थप. कौसल्या झोपेतच पुटपुटली, कुणाचं तरी पोर झोपत नाहीये वाटतं. मला ते पटलं आणि मी कुशीवर वळलो.

सकाळी ससे धडधाकट होते. जाळीभोवती घुशीच्या पावलाची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आठवड्यात अख्ख्या पट्टीतल्या घुशी गेल्या, त्यांची बिळं ओस पडली. मांजरंही तिकडे फिरकेनात. वरच्या मजल्यावरच्या बायकांनी नानांचं कौतुक केलं. नाना मिशीतल्या मिशीत हसले.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. रोज पहाटे मी दार उघडायचो तेव्हा ससे रांगेत बसलेले असायचे. पाचही गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून, एका ओळीत, अंगाला अंग न लावता. माझा जन्म माणसांना रांगेत उभं करण्यात गेला. रांग आपोआप होत नाही, ती कुणीतरी लावावी लागते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी स्वतःला समजावलं, भिंतीपलीकडे बॉयलर आहे, ऊब येत असेल, जनावर उबेकडे तोंड करणारच.

पण त्या रांगेत दोघांनंतर जागा सुटलेली असायची. दोन ससे, मग हातभर मोकळी जागा, मग तीन ससे. रोज तिथेच आणि रोज तेवढीच. शिवाय पाचांच्याही डोक्यावरचे, दोन कानांमधले केस चपटे बसलेले असायचे. बॉयलरच्या उबेनं ते होत नाही. मी त्याचा विचार करायचं टाळलं.

४

नाताळच्या सुमारास एका पहाटे कौसल्येनं मला हलवून उठवलं. बकुळा अंथरुणात नव्हती. पुढचं दार बंद, मागचंही बंद. मागच्या दाराची वरची कडी लागलेली, आणि त्या कडीला बकुळेचा हात पोचत नाही. मी कडी काढून बाहेर धावलो.

ती जाळीत होती. दोन सशांनंतरच्या जागेत, मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून. पिंजऱ्याच्या दाराची कडी बाहेरून लागलेली. मी हाक मारली तेव्हा तिनं मान वळवली नाही, नुसतं विचारलं, "मोजून झालं?"

तिला उचलून आणलं. अंग गरम होतं, थंडीत रात्र काढल्याची कसली खूण नाही. वेणी कौसल्येनं रात्रीच सोडली होती, तरी डोक्यावरचे केस मधोमध चपटे, चापून बसवलेले. उजाडल्यावर तिला काहीच आठवेना. कौसल्या माझ्यावर उखडली, म्हणाली की रात्री तुम्हीच दार उघडं टाकलंत आणि आता कडीच्या गोष्टी सांगताय. मला तो आरोप आवडला. त्यात सगळं नीट बसत होतं. पोरीला झोपेत चालायची खोड लागली, बाप धांदरट, विषय संपला.

दोन दिवसांनी ती पुन्हा तिथेच सापडली. त्यानंतर कौसल्येनं तिचं मनगट आपल्या पदराला निरगाठ मारून बांधलं. पहाटे गाठ तशीच होती, फक्त तिच्यात मनगट नव्हतं. मग मी स्वतः मागच्या दाराला पाठ लावून बसलो. समोर अंथरूण, अंथरुणात बकुळा, कोनाड्यात घड्याळ. तीन वाजून वीस मिनिटांनी मी घड्याळाकडे पाहिलं आणि मान परत वळवली, तर अंथरूण रिकामं. माझी पाठ दाराला टेकलेलीच होती. मागून, दारापलीकडून, थप, थप, थप.

मी माझ्याच मुलीसाठी दार उघडायला भ्यालो, हे सांगायला मला आजही लाज वाटते. आवाज थांबेपर्यंत मी तसाच बसून राहिलो आणि मग तिला आणायला गेलो.

५

मी लवूनानांना गाठलं. आधी त्यांनी उडवाउडवी केली, मग दार लोटून घेतलं. त्यांचा चेहरा पाहूनच कळलं, त्यांना सगळं माहीत होतं. रोज संध्याकाळी ते आमच्या नकळत जाळीपाशी जाऊन हात जोडत होते.

"माझीच जीभ चुकली," ते म्हणाले. "ससे म्हणूचे थंय पोरां म्हटलंय. आणि तेव्हा तां आत बसलेला. मी रोज सांगतंय, चूक झाली, पोरीक सोड. पण तो आयकना नाय."

मी म्हणालो, तुम्ही घातलंत, तुम्हीच काढा. ते म्हणाले, "मी नुसता सांगितलंय, रामदासा. व्हय तू म्हटलंस."

मी रागानं उठलो, म्हणालो की आत्ताच्या आत्ता ती जाळी मोडून टाकतो. नानांनी माझा हात धरला.

"जाळी मोडलंस तर तो तिका खंय ठेवतलो?"

मी परत खाली बसलो.

रात्री पडल्या पडल्या मी त्यांचे शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळवले. एक कमी दिसता नये. म्हणजे पटावर सहा नावं चढली आहेत आणि रोज रात्री पाच हजर होतायत. सहावं कमी पडतं म्हणून ते आणलं जातं. हे कळल्यावर मला भीतीतही जरा उभारी आली, कारण पटाची भाषा मला येते. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून क्रॉफर्ड मार्केटातून मी आणखी एक ससा आणला. पांढरा, गुबगुबीत. संध्याकाळी त्याला आत सोडला आणि कडी लावली.

पहाटे बकुळा तिच्या जागेवर होती. सहावा ससा जाळीच्या बाहेर, दाराशी बसला होता. त्याला एक ओरखडा नव्हता. फाटकावर बिनबिल्ल्याचा माणूस आला तर आमचा भय्या त्याला हाताला धरून बाजूला करतो, तसा त्याला कुणीतरी बाजूला केला होता.

६

सहावा ससा मी मार्केटात परत देऊन आलो आणि मग ठरवलं, बकुळेला गिरगावात तिच्या मामाकडे, माधवकडे, पाठवायचं. रात्री ती या चाळीत असताच कामा नये. माधव सोमवारी संध्याकाळी न्यायला येणार होता. तो सोमवार म्हणजे सोळा जानेवारी.

त्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. इराण्याच्या हॉटेलात माणसं उभ्या उभ्या ऐकत होती, कुणी चहाला हात लावला नाही. तासाभरात रस्ते पेटले. माधव आलाच नाही. मंगळवारी गिरण्या बंद, बस बंद, दुकानं बंद, आणि मग कर्फ्यू. रोज कुठून तरी गोळीबाराची बातमी यायची, लालबाग, परळ, गिरगाव, ठाकूरद्वार. आमच्या चाळीतली दोन तरणी पोरं घरी परतली नव्हती. आमच्या मागच्या पट्टीचं एक टोक रस्त्यावर उघडतं, तिथून रात्रभर गाड्या फिरायच्या. बाहेर हललेलं दिसलं की झाडतात, असं सगळेच सांगत होते. आणि आमची बकुळा रोज रात्री बाहेर जात होती.

मंगळवारी रात्री मी तिला आणायला पट्टीतून रांगत गेलो. तिला छातीशी धरून परत येत होतो, तर रस्त्याच्या टोकाशी बॅटरीचा झोत फिरला. कुणीतरी ओरडलं. मी तिच्यावर पालथा पडलो. एक धडाका झाला आणि भिंतीचा गिलावा माझ्या मानेवर सांडला. गोळी होती की आणखी काही, ते मी पाहायला गेलो नाही. माझ्या पोटाखाली बकुळा शांत होती. ती म्हणाली, "बाबा, परत ठेवा. तो रागावेल."

घरात आल्यावर कौसल्येनं तिचा ताबा घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "तुम्ही व्हय म्हणालात ना? मग तुम्हीच काय ते करा." म्हणजे तिलाही नानांनी सांगितलं होतं. दम्यानं तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. त्या आवाजात मी उजाडेपर्यंत बसून राहिलो.

७

गिरणीत माग रिकामा राहू देत नाहीत. कायमचा माणूस आला नाही की फाटकाबाहेर थांबलेल्या बदलीवाल्यांतला एकजण घेतात. पण बदलीवाला तसाच आत जात नाही. टाइमकीपर आधी नाव पुकारतो, गैरहजर लिहितो, आणि मग त्या नावाच्या बदली दुसऱ्याचं नाव घालतो. मी वीस वर्षं हेच केलं. सशाच्या वेळी मी नेमकं तेवढंच विसरलो होतो. नाव न पुकारता माणूस आत सोडला होता.

बुधवारी दिवेलागणीला मी जाळीत शिरलो. कडी मला आतून लावता येईना, म्हणून ती कौसल्येनं बाहेरून लावली. ती आत गेली, दार लागलं. मी गुडघे पोटाशी घेऊन त्या मोकळ्या जागेत बसलो. डोकं वरच्या फळीला लागत होतं. अंधार झाला तसे ससे एकेक करून आले आणि आपापल्या जागी बसले. माझ्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन. पाय कुणी आपटला नाही.

मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होतो की तू एक मूर्ख माणूस आहेस, गिरणी बंद म्हणून डोकं रिकामं आहे, आणि उद्या चाळ तुला हसेल. हे मला फार हवंसं वाटत होतं. उद्या सगळ्यांनी मला हसावं आणि बकुळा तिच्या अंथरुणात असावी.

भोंगा नव्हता, त्यामुळे किती वाजले कळायला मार्ग नव्हता. कधीतरी डाव्या टोकाला आवाज सुरू झाला. थप, थप, थप. पहिला ससा जमिनीला चिकटला. मग दुसरा. मी डोळे घट्ट मिटले. माझ्या डोक्यावर हात आला.

हात लहान होता, आणि कोरडा. त्यानं एकदा थोपटलं आणि तो थांबला. मग तो कपाळावर आला, भुवयांवर, नाकावर. मिशीवर आल्यावर बराच वेळ तिथेच राहिला. तरी टेबलामागून बोलतो तसा आवाज काढायचा मी प्रयत्न केला.

"बकुळा रामदास, गैरहजर. बदली, रामदास. हजर."

हात हलला नाही. आत खोलीत कौसल्येचा श्वास वाजत होता, तेवढा ऐकू येत होता. मी पुन्हा तेच म्हणालो, या वेळी रडत. हात परत माझ्या डोक्यावर गेला. थप, थप, थप. मग पुढच्या सशाकडे गेला.

पाचवा ससा झाल्यावर मला वाटलं, आता संपलं. पण आवाज आणखी एकदा आला. बघू नये हे मला कळत होतं. तरी मी मान वळवली.

शहरात कुठेतरी आग लागलेली होती, तिचा तांबूस उजेड आभाळात होता. रांगेच्या उजव्या टोकाला, शेवटच्या सशाच्या पलीकडे, जिथे जाळी संपते आणि बसायला वीतभरही जागा नाही, तिथे कुणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ करून. आकारानं बकुळेपेक्षा मोठं नाही. गुडघे पोटाशी, तोंड आम्हां सगळ्यांसारखं भिंतीकडे. त्याचा एक हात स्वतःच्याच डोक्यावर होता, आणि ते स्वतःलाच थोपटत होतं.

मी पुन्हा डोळे मिटले. पहाटे कौसल्येनं कडी काढली आणि सांगितलं, बकुळा रात्रभर कुशीतून हलली नाही.

८

कर्फ्यू उठला, गिरण्या सुरू झाल्या, बकुळा गिरगावात माधवकडे शाळेत जाऊ लागली. मला वाटलं होतं, बदली म्हणजे चार दिवसांचं काम. गिरणीत बदलीवाल्याला कायम व्हायला वर्षं घासावी लागतात. मी पहिल्याच रात्री कायम झालो. एकदा हट्टानं माधवकडे मुक्कामाला राहिलो. पहाटे जाग आली ती जाळीत, पायांना लालबागपर्यंतची धूळ. त्यानंतर हट्ट सोडला. रोज दिवेलागणीला जातो, रोज पहाटे येतो. चाळीत म्हणतात, टाइमकीपरचा ससेकीपर झाला. पहिली दोन वर्षं मी चिडायचो, मग सोडून दिलं. लवूनाना सत्तावन्न साली गावी गेले ते परतले नाहीत.

बकुळा सुट्टीत यायची, पण दिवसा. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिला बसमध्ये बसवून द्यायचो. आधी सांगायचो, आईला दमा आहे. मग सांगायचो, अभ्यास बुडेल. मग काही सांगायचंही बंद केलं. ती वयात यायला लागली तसं तिनं विचारणंही बंद केलं.

ससे म्हातारे होते. एकोणसाठच्या थंडीत दोन गेले, फाल्गुनात तिसरा. आता रांगेत दोन ससे, मी आणि तीन रिकाम्या जागा. रात्रीचा तो हात त्या रिकाम्या जागाही थोपटतो. जमिनीवर नुसती थप, थप, थप. मी मोजत असतो. दुसरं काय करणार.

गेल्या महिन्यात एका पहाटे डोळे उघडले तेव्हा माझा हात माझ्या डोक्यावर होता आणि आपोआप थोपटत होता. कौसल्येला मी ते सांगितलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सगळी मुंबई सजली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र होणार होता. चाळीवर दिव्यांच्या माळा, पोरांनी गुलाल आणून ठेवलेला, शिवाजी पार्कला जायला माणसांची रीघ. माधव बकुळेला घेऊन दुपारीच आला. अकरा वर्षांची झाली होती, हिरवं परकर-पोलकं नेसून आली होती. कौसल्येनं पुरणपोळी केली होती. दोघींचं आधीच ठरलं होतं बहुतेक, कारण कौसल्या ताटं वाढता वाढता म्हणाली, आज राहू दे तिला. सण आहे. चार वर्षं झाली, अहो.

बकुळा माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मी मोठी झाले आता. झोपेत चालत नाही. मामाला विचारा."

मी तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं असेन. वेणीत अबोलीचा गजरा होता. आईसारखी हनुवटी. आणि तिला पाहताना माझ्या मनात जे आलं, ते असं: ही गुडघे पोटाशी घेऊन बसली तर डावीकडून तिसऱ्या जागेत बरोबर मावेल. माझा हात तिच्या डोक्याकडे जायला निघाला होता. तो मी दुसऱ्या हातानं धरला.

मी उठलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते पूर्ण आठवत नाही. या घरात तुला जागा नाही, असं काहीतरी. माधवला म्हणालो, आत्ता घेऊन जा हिला, अंधार पडायच्या आत, आणि मी बोलावल्याशिवाय आणू नकोस. कौसल्या ताट हातात धरून तशीच उभी राहिली. बकुळेचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग तिला रडू कोसळलं. ती म्हणाली, "तुम्हाला ते ससेच आवडतात. मी कधीच नको होते."

मी तिला खोटं पाडलं नाही. खोटं पाडलं असतं तर ती राहिली असती.

बसस्टॉपपर्यंत मी त्यांच्या मागून, वीस पावलं अंतर ठेवून गेलो. रस्त्यात लोक एकमेकांना पेढे भरवत होते, एकानं माझ्याही तोंडात घातला. बस आली. बकुळा खिडकीपाशी बसली आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली. ती खांदे हलवत रडत होती आणि मला, तिच्या बापाला, हायसं वाटत होतं. बस वळणावरून दिसेनाशी झाली. दिवेलागण होत आली होती, म्हणून मी घाईघाईनं घरी निघालो.